आत्याचा खुबा

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. त्यांतल्या बहुतेकांना समाजात काडीची किंमत नाही. मनगट मोडलं तर लोक प्लॅस्टरवर सह्या करतात. बरगडीला चीर गेली तर 'हसू नका' एवढ्या सल्ल्यावर बोळवण होते. पायाची करंगळी मोडली तर ती बातमी घराबाहेरसुद्धा जात नाही. पण खुब्याचं हाड मोडावं, आणि तेही सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं, की चित्र एकदम पालटतं. ऐकणारा आवाज खाली आणतो. "हं... खुबा का?" असं म्हणतो. त्या एका 'हं'मध्ये अर्धं गरुडपुराण वाचून झालेलं असतं.

वास्तविक मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि दणकट हाड. पण त्याच्या वरच्या टोकाला निसर्गाने एक तिरकी मान काढली आहे, मानेच्या टोकाला चेंडूसारखा गोळा बसवला आहे आणि तो गोळा कमरेच्या वाटीत घातला आहे. एवढ्या खटाटोपामुळेच माणूस चालतो, वळतो, मांडी घालून बसतो आणि बस सुटायला लागली की धावतो. म्हातारपणी नेमकी ती मान दगा देते. ज्या मानेवर सबंध देह तोलून धरायचा तीच सगळ्यात आधी ठिसूळ व्हावी, हे पाहून निसर्गाकडेही बांधकामाची कंत्राटं कमी दराच्या निविदेवर सुटत असावीत असा संशय येतो.

आमच्या आत्याचं वय ७९. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी केली. तिकडे नागपूर ओरडतंय, इकडे सोलापूर रागावलंय आणि मध्ये आत्या दोघांनाही "थांबा!" म्हणून दरडावते आहे, असं ते आयुष्य. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नाही. गिरगावातली दोन खोल्यांची चाळ सोडून आमचं कुटुंब मीरा रोडला आलं तेव्हा इथे मिठागरं जास्त आणि माणसं कमी होती. नगरपालिका १९८५ साली आली, महानगरपालिका २००२ साली. लिफ्ट मात्र आमच्या इमारतीत अजून आलेली नाही. तळमजला अधिक चार मजले बांधून बिल्डर मोकळा झाला. घेणारेही तिशीतले होते. "चार मजल्यांना कसली लिफ्ट? व्यायाम होतो!" असं तेव्हा सगळे म्हणाले. पुढे इमारत आणि माणसं बरोबरीने म्हातारी झाली. फरक इतकाच की इमारतीला मधूनमधून रंग लावता येतो.

आत्या तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून दोनदा उतरायची आणि दोनदा चढायची. ऐन गर्दीच्या वेळच्या लोकलने तिला कधी पाडलं नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याने पाडलं नाही. तिला पाडलं ते पायपुसण्याने. तेही घरात, सपाट लादीवर, पहाटे साडेपाच वाजता, न्हाणीघरातून स्वयंपाकघरात जाताना. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की म्हाताऱ्या माणसांचे खुबे बहुतेक असेच मोडतात. कड्यावरून पडायला लागत नाही, उभ्याची आडवी झाली तरी पुरतं.

आत्या ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अरे, जरा इकडे ये. माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान झालाय." खरोखरच झाला होता. डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं. ही खुबा मोडल्याची अगदी पुस्तकी खूण आहे म्हणतात.

रुग्णवाहिका आली. दोन तरुण पोरांनी मध्ये उशी ठेवून दोन्ही पाय एकमेकांना बांधले, आत्याला स्ट्रेचरवर घेतलं, आणि पहिल्याच वळणावर कळलं की जिन्याची आखणी करताना बिल्डरने स्ट्रेचरचा विचार केलेला नाही. कठड्यावरून उचलून घेण्यासाठी आणखी दोन माणसं लागली. म्हणजे एकूण चार झाली. आता प्रश्न असा की पाय पुढे की डोकं पुढे? उतरताना पाय पुढे ठेवले तर डोकं वर राहतं, हे त्या पोरांचं शास्त्र. सोसायटीच्या सेक्रेटरींचं शास्त्र निराळं. "पाय पुढे नाही! पाय पुढे कधी नेतात माहीत आहे ना?" असं ते वरून ओरडत होते. दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर अधांतरी धरून यावर दोन मिनिटं चर्चा झाली. शेवटी आत्याच म्हणाली, "पाय पुढे घ्या रे. मात्र चौघं आहात म्हणून रामनाम घेऊ नका. अजून अवकाश आहे."

इस्पितळात एक्स-रे निघाला. डॉक्टर चाळिशीचे, मराठी आणि सुदैवाने समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी फोटो काचेवर लावला. मान मोडलेली आम्हालाही दिसली.

"काका, मीरा रोडला पाणी कुठून येतं?" त्यांनी विचारलं.

आम्ही बुचकळ्यात पडलो. पाणीप्रश्नावर मी मध्यरात्रीही बोलू शकतो, पण तो इथे कसा निघाला? "शहाड-टेमघरची योजना आणि एमआयडीसी," मी म्हटलं, "लांबून. पाइपलाइनने."

"मधेच पाइप फुटला तर?"

"तर आम्ही टँकर मागवतो."

"हाडाच्या गोळ्याला टँकर मिळत नाही. मानेतून, मानेच्या कडेने जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो गोळा जगतो. मान मोडली, हाड सरकलं की त्या तुटतात. मग या वयात स्क्रू मारून मान जोडली तरी हाड जुळेल किंवा गोळा जिवंत राहील याचा भरवसा नसतो. म्हणून गोळाच काढून धातूचा बसवायचा. मानेच्या खाली मोडलं असतं तर तिथे रक्त भरपूर असतं. मग सळई आणि स्क्रूने काम भागलं असतं आणि हाड जुळलंही असतं."

इतकी वर्षं इथे राहून शहराच्या पाणीपुरवठ्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पुढचं वाक्य त्यांनी हसत सांगितलं नाही. म्हणाले, "लवकर ठरवा. इंग्लंडमध्ये दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं असा दंडक आहे. मोडलेल्या हाडाने माणूस सहसा जात नाही. जातो तो झोपून राहिल्याने."

'लवकर ठरवा' हे शब्द आपल्याकडे कुटुंबाला उद्देशून उच्चारणं धोक्याचं असतं. तासाभरात इस्पितळाच्या बाकावर नातेवाइकांची परिषद भरली. जे येऊ शकले नाहीत ते फोनवर होते. अशा परिषदेत तीन पक्ष असतात हे मी अनुभवाने सांगतो.

पहिला पक्ष 'या वयात' पक्ष. यांचं प्रत्येक वाक्य 'या वयात'ने सुरू होतं. या वयात भूल सोसेल का? या वयात चिरफाड कशाला? या वयात आता चालून कुठे जायचंय? हा शेवटचा प्रश्न आमच्या एका चुलतभावाने विचारला. तो स्वतः पन्नाशीचा आहे आणि समोरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढतो.

दुसरा पक्ष हाडवैद्यांचा. यांच्या ओळखीत कुठेतरी, बहुधा दोन नद्या ओलांडून, एक वैद्य असतात. ते पाला बांधतात आणि एकवीस दिवसांत माणूस धावायला लागतो. धावणाऱ्या माणसाचा पत्ता मात्र कधी मिळत नाही. त्यातल्या एकाने सुश्रुतांचं नाव काढलं. सुश्रुत थोरच. मांडीचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर निजवावं, पाच खुंट्या ठोकून पाय हलणार नाही असा बांधावा, असं 'कपाटशयन' त्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या काळी याहून चांगलं कुणाला काय सुचणार होतं? पण त्यानंतर दोन हजार वर्षं जगाने साधारण तेच केलं, ही खरी पंचाईत. फळीच्या जागी खाट आली, खुंट्यांच्या जागी पायाला टांगलेल्या विटा आल्या, इतकंच.

तिसरा पक्ष वाजपेयी पक्ष. यात राजकारण नाही. "अहो, वाजपेयींचं नाही का झालं?" एवढाच त्यांचा मुद्दा. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. अमेरिकेहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. त्या दोन ऑपरेशनांनी सांध्याच्या शस्त्रक्रियेला जी प्रतिष्ठा आली ती शंभर व्याख्यानांनी आली नसती. तोवर 'सांधा बदलला' म्हणजे लोक स्टेशनातला रूळ समजत. "पण तो गुडघा होता, हा खुबा आहे," असं 'या वयात' पक्षाने निदर्शनास आणलं. "आणि ते पंतप्रधान होते," असं हाडवैद्य पक्षाने.

तेवढ्यात न्यू जर्सीचा भाचा फोनवर आला. तो नेहमी वाचून बोलतो, त्यामुळे त्याला गप्प करणं कठीण. त्याने एएसआर खुब्याचं प्रकरण काढलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा हा खुबा म्हणजे धातूच्या वाटीत धातूचा गोळा. दोन्ही एकमेकांवर घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण अंगात आणि रक्तात जायचे. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला. भारतात तसल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सरकारने समिती नेमली, आणि २०१८ साली ३० लाखांपासून जवळजवळ सव्वा कोटीपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. मिक्सर परत मागवला तर आपण पिशवीत घालून दुकानात नेऊन देतो. खुबा कसा परत देणार? माणसं त्याच्यावर उभी होती.

आमची ही एकदम पांढरी पडली. डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की ते प्रकरण खरं आहे आणि विचारलंत हे बरं केलंत. पण आत्याची स्वतःची वाटी शाबूत आहे. तिच्यात फक्त नवा गोळा बसेल, धातूवर धातू येणारच नाही.

त्यांनीच मग या खुब्याच्या जनकाची, इंग्लंडच्या सर जॉन चार्नली यांची गोष्ट सांगितली. एका रोग्याला जुन्या पद्धतीचा प्लॅस्टिकचा गोळा बसवला होता. तो जेवायच्या टेबलावर पुढे वाकला की खुबा असा करकरायचा, की बायको खोली सोडून निघून जायची. जेवताना नवरा मचमच करतो म्हणून कुढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण खुब्याने केलेला आवाज म्हणजे कमालच. चार्नलींनी तो करकराट मनावर घेतला आणि घर्षण कमी कसं करायचं याच्या मागे लागले. आधी टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांत झिजलं, रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. झिजलेल्या टेफ्लॉनचा अंगावर काय परिणाम होतो हे पाहायला त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. मग एक विक्रेता मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरतात तसलं चिवट पॉलिथिलिन घेऊन आला. चार्नलींनी ते नखाने खरवडून बाजूला टाकलं, पण त्यांच्या कारागिराने ते यंत्रावर चढवून ठेवलं आणि ते काही झिजेना. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली. ती हाडाला चिकटवायला दातांच्या डॉक्टरांकडच्या सिमेंटचा भाईबंद वापरला. म्हणजे विणकराचं प्लॅस्टिक, दंतवैद्याचं सिमेंट आणि एका बाईची तक्रार, यांतून जगाचा खुबा उभा राहिला. घरातल्या बायकांच्या तक्रारी वेळीच ऐकल्या तर विज्ञान किती पुढे जाईल, असं ही लगेच म्हणाली.

इतकं झालं तरी परिषद निर्णयाला येईना. संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आलो, तर दारात उत्तनची मावशी टोपली घेऊन बसलेली. ही कोळीण गेली वीस वर्षं आमच्याकडे बोंबील आणि मांदेली देते, आणि तेवढीच वर्षं आत्या तिच्याशी भांडते. एका वाट्यासाठी दोघी अर्धा तास घालवतात. आत्या पडली ऐकून तिने टोपलीवर फडकं टाकलं.

"माझी सासू पडली होती," ती म्हणाली. "असाच खुबा. पायाला विटा बांधल्या. तीन महिने. हाड जुळलं बोलले. पण पाठीला हा एवढा व्रण पडला, छातीत कफ भरला. हाड जुळलं, सासू नाय उठली." मग थोडं थांबून, "तुम्ही कापा. उद्याच्या उद्या कापा."

दिवसभर एवढे शहाणे बोलले, पण डॉक्टरांच्या वाक्याचं इतकं नेमकं मराठी भाषांतर कुणी केलं नव्हतं. पुढे मी वाचलं की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक तरी वर्षाच्या आत जातो, असा देशोदेशींचा अनुभव आहे. छातीचा संसर्ग, पायात होऊन फुप्फुसात जाणारी रक्ताची गुठळी, पाठीचे व्रण, आधीपासूनचे दुखणाईत हृदय, असे त्याचे रस्ते. ऑपरेशनही त्यातून सगळ्यांना सोडवत नाही, पण खाटेवरून उठवतं. खुब्याचा खरा शत्रू पायपुसणं नव्हे, खाट.

रात्री इस्पितळात परतलो तेव्हा परिषद विसर्जित झाली होती. कारण आत्याने तिला बरखास्त केलं होतं. तिच्यावाचून बाहेर तिचीच चर्चा चालली आहे हे कळल्यावर तिने सिस्टरकरवी संमतीपत्रक मागवलं आणि मोठ्याने वाचून घेतलं. संसर्ग होऊ शकतो. गुठळ्या होऊ शकतात. गोळा वाटीतून निसटू शकतो. पाय थोडा लांब किंवा आखूड होऊ शकतो. भुलेचे परिणाम होऊ शकतात. मृत्यू येऊ शकतो.

"हे सगळं होणार, की यातलं एखादंच?" आत्याने विचारलं.

"बहुतेक यातलं काहीच नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "पण सांगणं माझं काम आहे."

"आणि नाही केलं तर?"

"तर जन्मभर झोपून राहाल. आणि तो जन्म फार लांब नसेल."

"पेन द्या," आत्या म्हणाली. चुलतभाऊ पुढे सरसावला. नातेवाइकाची सही लागते असं त्याचं म्हणणं. आत्याने ट्रंक लाइनवरच्या आवाजात त्याला थांबवलं. "हाड माझं आहे. सही माझी. तू साक्षीदार म्हणून कर." दिवसभरात तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. भूल कमरेखालीच होती, त्यामुळे आत्याला ऐकू येत होतं. "आत सुतारकाम चाललं होतं," ती बाहेर आल्यावर म्हणाली. "आधी करवत, मग कानस, मग हातोडा. माणूस हुशार आहे. आपल्या स्वयंपाकघराचं कपाट याच्याकडूनच करून घ्यायला हवं होतं." सगळे हसले. परिषदेच्या तिन्ही पक्षांनी आपापल्या सल्ल्याचंच हे यश म्हणून चहा घेतला.

दुसऱ्या रात्री मात्र निराळंच झालं. दोनच्या सुमाराला आत्या उठून बसायचा प्रयत्न करू लागली. मॉनिटर टिकटिक करत होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, "नागपूर, थांबा. लाइन बिझी आहे." मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिने सलाइनची नळी हातात धरली आणि ती प्लग खोचतात तशी पलंगाच्या कठड्यात खोचायला लागली. सिस्टर धावत आली. आत्या तिला म्हणाली, "सुपरवायझरबाई, माझी ड्यूटी संपली. मला घरचा नंबर लावून द्या." माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो.

म्हाताऱ्या माणसांना खुब्याच्या ऑपरेशनानंतर असा भ्रम पुष्कळदा होतो, बऱ्याच वेळा तो काही दिवसांत ओसरतो, हे डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. पण सकाळ व्हायची होती. पायाचा व्यवहार चालला आहे असं आपण समजावं आणि डोकंच निघून जावं, याची तयारी कोणाची असते?

"दादा," आत्या म्हणाली, "आहेस का लायनीवर?"

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.

"आहे," मी म्हटलं. "बोल."

"आवाज फार लांबून येतोय."

"लाइन खराब आहे."

"बरं. नळाला पाणी येईल आता, पिंप भरून घे. बाकीचं घरी आल्यावर बोलू." आणि ती झोपली.

मीही त्या खुर्चीत बसून राहिलो. त्या रात्री खुबा, गोळा, वाटी काही डोक्यात नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, लघवीचा संसर्ग नाही ना पाहिलं, दुखण्याचं औषध बदललं. "आणि त्यांचा चश्मा कुठे आहे? कानाचं यंत्र?" त्यांनी विचारलं. ते दोन्ही आम्ही हरवू नये म्हणून घरी नीट जपून ठेवलं होतं, हे सांगताना हिचा आवाज बारीक झाला. ना धड दिसत, ना ऐकू येत, खिडकी नाही, दिवस-रात्र कळत नाही. धडधाकट माणूससुद्धा अशा ठिकाणी नागपूरला फोन लावायला लागेल. ही रिक्षाने घरी जाऊन चश्मा, कानाचं यंत्र, कवळी आणि भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन आली. कालनिर्णय सलाइनच्या स्टँडला अडकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने चश्म्यातून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, आज एकादशी आहे आणि तुम्ही मला अंडं काय देताय?" हिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकादशीचं इतकं पुण्य आमच्या घराला पूर्वी कधी लाभलं नव्हतं.

मग सुरू झाला उभं राहण्याचा कार्यक्रम. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी जेमतेम पंचवीस वर्षांची, पण तिच्यापुढे आत्याचा ट्रंक आवाज चालेना. वॉकर धरून पहिल्या दिवशी दोन पावलं, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, पावलं वरखाली करायची, गुठळी होऊ द्यायची नाही. आणि नियमांची यादी: खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, नाहीतर गोळा निसटेल.

ही यादी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपली सगळी संस्कृती त्या ९० अंशांच्या पलीकडेच आहे. पाट, रांगोळी, विळी, देवपूजा, थोरांच्या पाया पडणं, भारतीय पद्धतीचा संडास, एकूण एक. चार्नलीसाहेबांनी खुबा काढला तो खुर्चीवर बसणाऱ्या लोकांसाठी. आमच्या घरात मग उंच खुर्ची आली, देव्हारा कपाटाच्या डोक्यावर गेला आणि कमोडची खुर्ची आली. ही खुर्ची झाकण लावलं की दिसायला सोज्ज्वळ असते. भेटायला आलेल्या 'या वयात' पक्षाच्या चुलतभावाने तिच्यावर पाऊण तास बसून चहा, पोहे आणि पुन्हा चहा घेतला. त्याला आम्ही अजून काही बोललेलो नाही.

घरी न्यायच्या दिवशी तीन मजले पुढ्यात होते. मुलीने आत्याला मंत्र दिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी. "चांगला स्वर्गात, वाईट नरकात," असं ती म्हणाली. आत्याने त्याचा जिन्यावर मोठ्याने घोष केला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. सेक्रेटरी वर चढत होते, त्यांच्याकडे बघून ती नेमकी "वाईट खाली" या शब्दावर थांबली. पुढच्याच सभेत लिफ्टचा विषय पत्रिकेवर आला.

पंधरा दिवसांनी टाके काढताना डॉक्टरांनी पाय पाहिला आणि हाडांच्या विरळपणाची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडं बळकट करायचं औषध अशी चिठ्ठी लिहिली. एकदा मोडलेला माणूस पुन्हा मोडण्याची शक्यता जास्त, म्हणून. मग विचारलं, "ते पायपुसणं फेकलं का?" आम्ही आत्याकडे पाहिलं. ते तिने स्वतः आईच्या जुन्या लुगड्याचं विणलेलं आहे. शेवटी तोड निघाली. आता ते भिंतीवर टांगलं आहे. येणारे-जाणारे हस्तकला म्हणून त्याचं कौतुक करतात. न्हाणीघरात दांडा बसला, रात्रीचा दिवा लागला, लादी कोरडी राहते.

या सगळ्या काळात उत्तनची मावशी येत होती. वर चढून यायची, आत्याच्या खोलीत डोकावायची आणि हिला म्हणायची, "द्या काय द्यायचं ते." वीस वर्षांत तिने हे वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. बोंबील स्वस्त झाले आणि मला त्याची भीती वाटायला लागली. ती भाव करत नव्हती, म्हणजे तिच्या मनात काय होतं हे आम्हाला समजत होतं.

दोन महिन्यांनी आत्या काठी घेऊन, वाईट पाय आधी टाकत, तीन मजले उतरून फाटकापर्यंत गेली. पंचवीस मिनिटं लागली. मी दोन पायऱ्या खाली, तोंड तिच्याकडे करून, मागे मागे उतरत होतो. फाटकाशी मावशी टोपली मांडून बसली होती. तिने वर पाहिलं. आत्याच्या पायाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं.

"वाटा कसा दिला गं?" आत्याने विचारलं.

मावशीने आदल्या दिवशीच्या दुप्पट भाव सांगितला.

"वेड लागलंय का तुला?" आत्या ओरडली. चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मी बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. अर्धा तास तरी आता माझी गरज नव्हती.